बॉल कुठे गेला ते सांग

ऑल्टेनाऊ, कॅन्सस
२८ ऑगस्ट १९८५

प्रिय लिओना आत्या,

पोचलो. गाडीसुद्धा पोचली, हे त्याहून नवल.

बारा वर्षांपूर्वी ज्या कॉलेजातून मी गोल्फची पिशवी खांद्याला लावून "आता मोठ्या स्पर्धा जिंकणार" म्हणत बाहेर पडलो, तिथेच तीच पिशवी घेऊन परत आलोय. मधल्या काळात मोठ्या स्पर्धांनी मला त्रास दिला नाही आणि मीही त्यांना दिला नाही. टल्साच्या दुकानात बसून दुसऱ्यांना स्टिका विकल्या, एवढंच. आता दारावर पाटी लागली आहे: डेलमर व्होट, गोल्फ प्रशिक्षक. खाली बारीक अक्षरांत व्यायामशिक्षक आणि बसचालक. बारीक अक्षरांतलंच काम जास्त आहे.

मैदान तू पाहिलंस तसंच आहे. साऱ्या जगात होलभोवती मऊ गवत आलं, आपल्याकडे अजून तेल शिंपडलेली वाळू. फळी ओढून ती सपाट करायची आणि बॉल ढकलायचा. संघात पाच पोरं, पाचही शेतकऱ्यांची. त्यातला लाइल अनरू दारासारखा रुंद आहे. तो बॉल मारतो की लाकूड फोडतो ते कळत नाही. पण मी टल्साहून नवीन पद्धतीची पुस्तकं आणली आहेत. सगळ्यांचे स्विंग मुळापासून सुधारणार.

तुझं घर विकत घेतलेल्या मेनार्डनी ते हिरवं रंगवलंय. बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

तुझा,
डेल


रीडली, कॅलिफोर्निया
६ सप्टेंबर

डेल बाळा,

पत्र मिळालं. मार्वेलाच्या पांढऱ्या गालिच्यावर उभं राहून वाचलं, कारण बसायची भीती वाटते. माझी लेक गुणाची आहे, पण तिच्या घरात चूल पेटवली की ती माझ्यामागे ओलं फडकं घेऊन उभी. परवा तिने मला एक खोका आणून दिला. त्यात दूध ठेवलं की दोन मिनिटांत उकळतं. मी म्हटलं, बाई, मला कुठे गाडी पकडायचीय?

तरी मी मजेत आहे. काळजी करू नकोस. इथे सध्या द्राक्षं वाळत घातलीत, गावभर मनुकांचा वास.

हिरव्या रंगाचं मला सांगायला नको होतंस.

आता तुझ्या संघाचं. स्विंग-बिंग मला कळत नाही, पण सत्तावीस वर्षं मी त्या कॉलेजच्या पोरांना वाढलंय. सप्टेंबरात गहू पेरायची घाई असते. पोरं पहाटेपासून ट्रॅक्टरवर असतात आणि तुझ्याकडे उपाशी येतात. उपाशी पोराला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी काही खायला दे, मग काय ते मुळापासून सुधार.

आणि हो, एडिगर मास्तर कसे आहेत? सहज विचारलं.

तुझी आत्या


ऑल्टेनाऊ
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पहिली स्पर्धा झाली. सात कॉलेजं होती. आपण सातवे. सहाव्याच्या आणि आपल्या मधे एक अख्खा तालुका बसेल एवढं अंतर. वाळूवर बॉल सरळ जातो गं, पण त्यांच्या गवतावर उताराने वळतो. आमची पोरं प्रत्येक वेळी वळणाऱ्या बॉलकडे अशी बघत होती, जणू गाय बोलायला लागली.

मी रोज जीव तोडून शिकवतोय. कोपर आत, गुडघा असा, मनगट तसं. लाइल सगळं ऐकतो, मान डोलवतो आणि पूर्वीपेक्षा वाईट मारतो. मग संतापून स्टिक भिरकावतो. खाऊ घातलं. खाल्लं आणि वाईट मारलं.

त्यात एडिगर सर. तू विचारलंस म्हणून सांगतो. तीस वर्षं कोच होते ते, गेल्या वर्षी "थकलो" म्हणून सोडलं. पण रोज चार वाजता त्यांची तपकिरी पिकअप सातव्या होलमागच्या काटेरी झाडांखाली येऊन उभी राहते. उतरत नाहीत, हाक नाही, हात नाही. काचेमागे नुसते बसतात. सरळ बघतही नाहीत, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. त्या नजरेखाली मी शर्ट खोचतो, पोट आत घेतो, आवाज जाड करतो. काल धीर करून हात हलवला, तर मान फिरवली!

त्यांना मी आवडत नाही, आत्या. आणि खरं सांगू? सातवे आल्यावर मला तरी मी कुठे आवडतो.

डेल


रीडली
१५ ऑक्टोबर

अरे वेड्या,

तुला आठवतं का, पहिल्या वर्षी तू चिडून स्टिक तळ्यात फेकली होतीस? पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती काढायला कोण उतरलं होतं? एडिगर. तुला चकार शब्द बोलला नाही. ओल्या पायांनी माझ्या स्वैपाकघरात आला आणि म्हणाला, "लिओना, तुझा भाचा लांब फेकतो. खांदा चांगला आहे."

असा माणूस तुला नावं ठेवायला रोज चार वाजता गाडी काढील?

त्याच्या घरी जा. रिकाम्या हातांनी जाऊ नकोस, झ्वीबाक घेऊन जा. कृती लिहिते: दूध कोमट कर, लोण्यात हात आखडू नकोस, कणीक दोनदा फुगू दे. मोठा गोळा खाली, छोटा त्याच्या डोक्यावर, आणि अंगठ्याने असा दाब की तळापर्यंत गेला पाहिजे. लाजत दाबलास तर वरचा पाव भट्टीत घसरतो.

बायको, एल्फ्रीडा, गेल्यापासून आठ वर्षं तो एकटा राहतोय. काय खातो कुणास ठाऊक. डबाबंद घेवडा खातो, हे ठाऊक आहे.

आत्या


ऑल्टेनाऊ
२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मी लाजत दाबलं. वरचे सगळे पाव घसरून शेजारी झोपले. तरी नेले.

एडिगर सरांनी दार उघडलं. पिशवीत हात घातला, एक पाव चाचपला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "हे लिओनाचे नाहीत." मी म्हटलं, "नाही सर, माझे." मग विचारलं, "ती कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत आहे." "असं ती म्हणते," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. याचा अर्थ काय, ते त्यांनाच माहीत. वय झालं आता.

दुसरी बातमी याहून कडू. कॉलेजचे अध्यक्ष स्ट्रॉम यांनी बोलावलं होतं. माणूस सज्जन आहे, वाईट बातमीसुद्धा कॉफी पाजून देतो. तीन वर्षं आपण लीगमध्ये शेवटचे आलो. एप्रिलच्या मोठ्या स्पर्धेत चौथ्यांदा शेवटचे आलो, तर गोल्फ बंद करून त्या जागी धावण्याचा संघ. मी म्हटलं, "आमची पोरं धावतातही वाईट." ते हसले, पण शब्द मागे घेतला नाही.

आणि टल्साच्या दुकानाचं पत्र आलंय. मला परत बोलावतात, जानेवारी संपायच्या आत कळवा म्हणून. मला वाटतं बऱ्या बोलाने जावं. मी उत्तम खेळलो असेन इथे, पण शिकवणं वेगळं. पोरं माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: आता काय चुकलं?

तुला न विचारता ठरवणार नव्हतो, म्हणून लिहिलं.

डेल


रीडली
४ डिसेंबर

डेल,

टल्साला काही कळवू नकोस. आधी जाऊन त्या पिकअपमध्ये बस.

का, ते मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय. म्हणजे, मी आपलं म्हणतेय. आर्लो चावत नाही. एडिगर, म्हणजे.

सोबत पेपरनट्सचा डबा पाठवतेय, आपली नाताळची चिमुकली मसालेदार बिस्किटं. मार्वेला बाजारात गेली होती तेवढ्या वेळात भाजले. अर्धे तुझ्या पोरांना, मूठभर तुला, उरलेले पिकअपमध्ये. नाताळात शेजारपाजारी जाऊन गाणं म्हण. एकटा टीव्हीपुढे बसलास तर मला कळेल.

आत्या


ऑल्टेनाऊ
१९ जानेवारी १९८६

प्रिय आत्या,

बसलो.

परवा बर्फ वितळलं होतं, वाराही पडला होता, म्हणून पोरांना मैदानावर काढलं. चार वाजता पिकअप आली. मी तुझा डबा काखेत मारला, सरळ चालत गेलो, पलीकडचं दार उघडलं आणि आत बसलो.

"कोण आहे?" ते म्हणाले.

आत्या, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

"मी डेल. डेल व्होट."

"मग तसं बोल की. मला वाटलं पाद्रीबुवा. ते हल्ली न विचारता चढतात."

मला वाटलं टोमणा आहे. आधीच भरून आलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "सर, माझं काही पटत नसेल तर तोंडावर सांगा. पाच महिने काचेमागून बघत बसण्यापेक्षा ते बरं."

"बघत?" ते म्हणाले आणि हसायलाच लागले. हसता हसता ठसका लागला. "अरे व्होट, तू जिथे बसलायस ना, तिथे मला एक टोपी दिसते, खाली दोन गुडघे दिसतात आणि मधे नुसतं धुकं. चेहरा असेल तर तो तुलाच ठाऊक."

त्यांच्या नजरेतलं मधलं गेलंय, आत्या. कडेकडेचं दिसतं, बरोबर समोरचं पुसल्यासारखं. म्हणून ते मान वाकडी करून बघायचे. दोन वर्षं झाली. बॉल दिसेनासा झाला तेव्हा कोचपण सोडलं आणि गावाला सांगितलं, थकलो. खरं सांगितलं असतं तर गावाने पिकअपची किल्ली काढून घेतली असती. "आणि नाही तरी मी रस्त्यावर नेतच नाही. माझ्या कुरणातून इथवर. गाईंना सवय आहे, त्या बाजूला होतात."

मी ज्यांच्या धाकाने पाच महिने शर्ट खोचला, त्यांना माझा शर्टच दिसत नव्हता!

"मग इथे येता कशाला?" मी विचारलं.

"तीस वर्षं चार वाजता मी इथेच असतो. घरी राहिलो की घड्याळ चारचे ठोके देतं आणि मला त्या घड्याळाचा राग येतो." डब्यातला एक पेपरनट तोंडात टाकला. चावायच्या आधीच म्हणाले, "हे मात्र लिओनाचे." मग काचेकडे हनुवटी केली. "आता आलायस तर सांग. कोण मारतोय?"

"लाइल अनरू."

"मारला वाटतं, आवाज आला. काय झालं?"

मी म्हटलं, कोपर बाहेर गेलं, उजवा पाय लवकर उचलला, खांदा...

"कोपराचं नाही विचारलं. बॉल कुठे गेला ते सांग."

आत्या, मी बघितलंच नव्हतं. मी त्याच्या कोपराकडे बघत होतो. तसं म्हणालो.

सरांनी पुन्हा डब्यात हात घातला. मग म्हणाले, "मला न बघण्याचं कारण आहे. तुझी काय अडचण?"

पुढचा फटका मी बघितला. मधोमध गेला, लांब. त्याच्या पुढचा? मधोमध. तिसरा जरा डावीकडे, पण बरा. मी ऑगस्टपासून त्या पोराचा स्विंग मोडतोय, तरी तो बॉल मधोमध घालतो!

"मग कोपराला सुखाने नांदू दे की," सर म्हणाले.

काळोख पडेपर्यंत बसलो. एकेका पोराचं, एकेका बॉलचं सांगत होतो. घसा बसला. टल्साला आज नकार कळवला.

पण आत्या, तुला हे कसं ठाऊक होतं?

डेल


रीडली
२७ जानेवारी

डेल बाळा,

ठाऊक होतं, कारण दर रविवारी मार्वेला संध्याकाळच्या प्रार्थनेला गेली की मी आर्लोला फोन करते. दीड वर्ष झालं. डोळ्यांचं त्याने पहिल्यांदा मला सांगितलं, आणि वचन घेतलं की डेलला सांगायचं नाही. "त्याला वाटेल म्हातारा दया मागायला येतो," म्हणाला. मी वचन पाळलं. पण पिकअपमध्ये बस, एवढं म्हणायला काही वचन आड येत नव्हतं.

तू हात हलवलास त्या दिवशीचं मी त्याला विचारलं. म्हणाला, "मला वाटलं झाडाची फांदी."

एक सांगते. तू बाजूला बसून बोललास त्या रविवारी तो नेहमीपेक्षा दुप्पट बोलला. कोणता पोरगा कुठे मारतो, सगळं. मला गोल्फमधलं ओ का ठो कळत नाही. मी ऐकत राहिले.

टल्साला नकार दिलास, बरं केलंस. तिथले लोक घेवड्यात साखर घालतात.

आत्या


ऑल्टेनाऊ
३० मार्च

प्रिय आत्या,

तुझं मन किती मोठं! बिचाऱ्याला दर रविवारी न चुकता फोन करतेस. अशा एकट्या माणसाला केवढा आधार. गावात कुणाला सुचलं नाही ते तुला दीड हजार मैलांवरून सुचलं.

इकडे सगळं बदललंय. मी पुस्तकं माळ्यावर टाकली. आता रोज पिकअपच्या टपाला टेकून उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो: बॉल वर, बॉल उजवीकडे, बॉल गाईपाशी. पोरांना सगळं ऐकू जातं. आधी लाजायची, आता ऐकण्यासाठी मारतात. रँडी पेनर परवा म्हणाला, "कोच, आमचं चांगलं झालेलं तुम्ही पहिल्यांदा बोलून दाखवता." त्याला म्हटलं, पुढचा बॉल लाव.

गवताचा प्रश्न होता. वाळूवर खेळून गवतावरचं वळण कळणार कसं? एडिगर सर म्हणाले, "गावात उताराचं, बारीक कापलेलं गवत एकाच ठिकाणी आहे. अध्यक्षांच्या घरापुढे." मी म्हटलं, "ते गोल्फ बंद करायला निघालेत, त्यांच्याच अंगणात जायचं?" तर म्हणाले, "जायचं, आणि त्यांच्या बायकोला विचारायचं. तिला मी भूमिती शिकवलीय."

मिसेस स्ट्रॉमनी स्वतः खड्डा खणून सूपचा रिकामा डबा पुरला. आता आठवड्यातून तीनदा आम्ही तिथे. गुरुवारी खुद्द अध्यक्ष सपाता घालून बाहेर आले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मी एक मारून बघू का?" चारदा मारला. चारदा हुकला. लाइलने त्यांना सांगितलं, "सर, बॉल वळतो तिथे बघा, डब्याकडे नको." आमचा लाइल!

स्पर्धा २५ आणि २६ एप्रिलला, सलायनाला. सरांना बसमधून नेतोय. नाही नाही म्हणत होते, पण कोट धुवायला टाकलाय असं कळलं.

डेल


रीडली
८ एप्रिल

डेल,

बिचारा कोण रे?

आर्लो एडिगर तोंडी त्रैराशिक सोडवतो, बायबलचं अख्खं पान घडाघडा म्हणतो आणि मला हसवतो. या घरात मला हसवणारं दुसरं काही नाही, तो खोका सोडून. आधार कुणाचा कुणाला आहे, ते मी तुला सांगत बसणार नाही. चांगली नजर असलेली माणसंही कधी कधी समोरचं बघत नाहीत.

सलायनाला वारा सुटतो. त्याच्यासाठी मफलर ने.

आत्या


ऑल्टेनाऊ
२७ एप्रिल

प्रिय आत्या,

निकाल तुला माझ्याआधी कळलाय. पण सरांनी फोनवर घाईत शेवट सांगून टाकला असणार. मधलं मी सांगतो.

वारा असा की टोप्या शेजारच्या गावात. सर कोट-मफलर घालून घडीच्या खुर्चीवर. आम्ही होल बदलला की पोरं खुर्ची उचलत, मी सरांचा दंड धरून नेत असे. आणि मी अखंड बोलत होतो. दुसऱ्या कॉलेजांचे कोच बघत राहिले, हा माणूस रेडिओ गिळून आलाय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचं आणि शेजारच्या एका कॉलेजचं जुंपलं होतं. सहावं कोण आणि सातवं कोण! वर पाच कॉलेजं विजेतेपदासाठी भांडत होती, आणि खाली आम्ही दोघं, शेवटचं न येण्यासाठी. विश्वास ठेव, खालची लढाई जास्त भयंकर असते.

सोळाव्या होलवर लाइलचा बॉल पाण्यात. एक फटका वाया. मी आपला सांगतोय: "बॉल पाण्यात. लाइल उभा आहे. तोंड लाल. स्टिक डोक्यावर उचलली... आता फेकणार..."

लाइलने मागे वळून बघितलं. "फेकत नाहीये कोच! घाम पुसतोय!"

बघणारे सगळे हसले. तो स्वतःही हसला. स्टिक खाली आली, आणि आत्या, ऑगस्टपासून पहिल्यांदा ती उडाली नाही.

शेवटचा होल. बाकीच्यांचं खेळून झालं होतं, उरला लाइल. चार फटक्यांत संपवलं तर बरोबरी, तीनात संपवलं तर आम्ही वर. दोन झाले होते. बॉल होलपासून लांब, खोली ओलांडून पलीकडच्या खोलीत जावं एवढा लांब, आणि मधे गवताला उतार. लाइल गुडघ्यावर बसला. कुठे बघितलं? होलकडे नाही. वळणाच्या जागेकडे.

"मारला," मी म्हटलं. "डावीकडे चाललाय... फारच डावीकडे... वळायला लागला..." आणि माझा आवाज बंद.

"व्होट!" सर खुर्चीतून उठले. "बॉल कुठे गेला ते सांग!"

"आत," मी म्हटलं. "सर, आत गेला."

जिंकणाऱ्या कॉलेजाने एवढा आरडाओरडा केला नाही जेवढा आम्ही सहावे आल्याचा केला. अध्यक्ष स्ट्रॉम गाडीने आले होते. त्यांनी टोपी उडवली, ती मिळालीच नाही. लाइल सरांपाशी आला तर सरांनी त्याचं कोपर चाचपून बघितलं आणि म्हणाले, "हेच का ते?"

मग मला म्हणाले, "मला फोनपाशी ने."

क्लबच्या ऑफिसात नेलं. नंबर विचारला तर पाठ म्हणून दाखवला. मी फिरवला आणि त्यांच्या हातात दिला. "लिओना? सहावे!" ते ओरडले. आणि नंतर जो आवाज त्यांनी काढला ना, तो मी तीस वर्षं कोच असलेल्या या माणसाकडून कधी ऐकला नव्हता. मऊ, हळू. दरवाजा लोटून मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

आत्या, बिचारा कोण, ते मला समजलं. मीच. आठ महिने सगळं समोर चाललं होतं आणि मी कोपराकडे बघत होतो.

आता तूच सांग काय ते.

डेल


रीडली
६ मे

डेल बाळा,

सांगते.

एल्फ्रीडा गेल्यावर आर्लो कॉलेजच्या भोजनगृहात जेवायला यायला लागला. रोज रांगेत सगळ्यात शेवटी. मला वाटायचं वर्ग उशिरा सुटतो. मग कळलं, त्याचा वर्ग अकरालाच सुटायचा. शेवटी आलं की वाढणारीला हात धुऊन समोर बसता येतं, हे गणित त्याने मांडलं होतं. पाच-सहा वर्षं आम्ही असे समोरासमोर जेवलो आणि दोघांपैकी एकानेही काही म्हटलं नाही. मग मी मार्वेलाकडे आले. सगळे म्हणाले, आता लेकीपाशी सुखाने राहा. मलाही ते बरोबर वाटलं.

तुमच्या सहाव्या नंबरनंतरच्या रविवारी तो म्हणाला, "लिओना, आठवड्याला एकच रविवार, हे गणित मला पटत नाही." मी म्हटलं, "मग नवीन मांड." त्याने मांडलं. मी हो म्हटलं.

मार्वेलाला सांगितलं तेव्हा ती रडली. "आई, मी तुला काय कमी केलं?" मी म्हटलं, "काही कमी नाही केलंस गं. सगळं तूच केलंस, मला काही करू दिलं नाहीस." त्यावर माझी ती टापटीप लेक पांढऱ्या गालिच्यावर फतकल मारून बसली. म्हणाली, "मला वाटायचं, आयुष्यभर राबलीस, आता तुला बसवायचं." तिचं चुकलं नाही. माझंही नाही. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून झ्वीबाक केले. पीठ घरभर. तिने फडकं हातात घेतलं नाही.

लग्न १४ जूनला, आपल्या चर्चमध्ये. मार्वेला मला घेऊन येतेय. सदुसष्टाव्या वर्षी नवरी होणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, असं मी आर्लोला विचारलं. म्हणाला, "मला त्यांची तोंडं दिसत नाहीत."

पोरांना सांग, जेवण मी करणार नाही, त्या दिवशी मी पाहुणी. बाकीचे सगळे दिवस करीन.

तुझी आत्या


ऑल्टेनाऊ
१८ मे

प्रिय आत्या,

अख्ख्या गावाला कळलंय. लोक काय म्हणतात ते ऐक: "एवढा उशीर का?" मिसेस स्ट्रॉम केक करणार आहेत. गोल्फ बंद होत नाही, हे अध्यक्षांनी लेखी दिलं, आणि वर विचारलं, गुरुवारचा सराव अंगणात चालूच राहील ना?

मला वेगळीच अडचण आहे. आत्याचा नवरा म्हणजे आतोबा. मी सरांना विचारलं, "आता तुम्हाला कोच म्हणू, सर म्हणू की आतोबा?" म्हणाले, "जेवायला बोलावशील तेव्हा काहीही म्हण." मी म्हटलं, "जेवायला तर मीच येणार आहे तुमच्याकडे." त्यावर जरा विचार केला आणि म्हणाले, "मग आतोबा. आतोबाला भाच्याला हाकलता येत नाही."

आता खरी बातमी. काल मी त्यांच्या घरी गेलो तर दारातच रंगाचा वास. तू येणार म्हणून त्यांनी स्वैपाकघर रंगवायला घेतलं होतं, एकट्याने, कुणाला न सांगता. दुकानदाराकडून पिवळा रंग आणला, आणि तो खरोखर पिवळाच निघाला. शिडीवर चढले नाहीत, लांब दांड्याचा ब्रश वापरला, म्हणजे काळजी नको.

हातात ब्रश, कोटावर ठिपके, मधोमध उभे. मला म्हणाले, "ये. कसं झालंय?"

आत्या, कोपरे असे रंगवलेत की शहरातला रंगारी लाजेल. छताची कड सरळ, खिडक्यांभोवती एक ओघळ नाही, दाराची चौकट देखणी. आणि प्रत्येक भिंतीच्या बरोबर मधे जुन्या राखाडी रंगाचा एक मोठा गोल तसाच राहिलाय. चार भिंती, चार गोल. त्यांना जिथे दिसत नाही तिथे ब्रश गेलाच नाही.

माझ्या जिभेवर आलं होतं, "उत्तम झालंय सर." सर बाहेर गेले की पोरांना बोलावून गुपचूप भरून टाकायचं, असंही मनात आलं. पण जानेवारीपासून मी त्यांना रोज जे दिसतं ते सांगत आलोय. म्हटलं, "सर, कडा एक नंबर. मधे राहिलंय."

"सगळीकडे?"

"चारी भिंतींवर."

त्यांनी मान वाकडी करून एका भिंतीकडे बघितलं, मग दुसरीकडे. मी म्हटलं, "द्या ब्रश, अर्ध्या तासात भरून देतो."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, नीट धुतला, झटकला आणि खिडकीत वाळत ठेवला.

"राहू दे," म्हणाले. "मधलं लिओना बघेल."

तुझा,
डेल